उपग्रहाचा दुष्काळ आणि दुसरे समीकरण

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील १५ जिल्ह्यांतले ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. २४ तालुक्यांत गंभीर आणि १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा दुष्काळ, अशी त्यांची विभागणी होती. सातारा जिल्ह्यातून या यादीत दोनच नावे होती, वाई आणि खंडाळा. पिढ्यान् पिढ्या ज्यांचे नाव दुष्काळाशी जोडले गेले ते माण आणि खटाव तालुके यादीत नव्हते. साहजिकच ओरड झाली, निवेदने गेली, मोर्चे निघाले. दहाच दिवसांत शासनाला दुसरा निर्णय काढावा लागला. ज्या महसुली मंडळांत जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहूनही कमी झाला, अशा राज्यभरातल्या हजाराच्या आसपास मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली.

त्या दिवसांत खंडाळा तालुक्यातल्या एका बौद्धवस्तीत बसलो होतो. गावाचे नाव महत्त्वाचे नाही, कारण अशी वस्ती प्रत्येक गावाला आहे. आपला तालुका यादीत आला म्हणून गावात समाधान होते. उपग्रहानेच आपला दुष्काळ हेरला, असे एक शिकलेला पोरगा अभिमानाने सांगत होता. रोजंदारीवर खुरपायला जाणाऱ्या एका मावशींनी ते ऐकले आणि विचारले, "वरनं समद्यांची रानं दिसत्यात म्हनं. मला तर रानच न्हाई. मग माझा दुष्काळ कुनाला दिसायचा?"

पोरगा गप्प झाला. मीही गप्प झालो. पण हा प्रश्न जितका साधा वाटतो तितका साधा नाही. जगातले मोठमोठे गणिती गेली शंभर-सव्वाशे वर्षे ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, त्याच्या मुळाशीच त्या मावशींनी बोट ठेवले होते. म्हणून आजच्या लेखात थोडे गणित बोलायचे आहे. आपल्या पानावर गणित कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर एवढेच, की ज्या गणितावर आपली मदत, आपले काम आणि आपले पाणी ठरते, ते गणित आपल्याला परके ठेवून चालणार नाही.

आधी हे कसे ठरते ते पाहू. पूर्वी दुष्काळ ठरायचा पैसेवारीने. गावातली समिती पिकाचा अंदाज घ्यायची आणि पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की टंचाई मानली जायची. ती पद्धत फार न्यायाची होती असे समजण्याचे कारण नाही. समितीवर कोणाचा शब्द चालायचा, पिकाचा अंदाज कोणाच्या बांधावर बसून घेतला जायचा आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला त्यात कितपत विचारले जायचे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. म्हणूनच केंद्र सरकारची २०१६ ची दुष्काळ संहिता आली आणि तिच्या आधाराने महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये नवी कार्यपद्धती आणली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना बरे वाटले. उपग्रहाला जात नाही. त्याला पाटलाचे रान आणि महाराचे रान असा भेद कळत नाही. यंत्र निःपक्षपाती असते, असा आपला समज झाला.

नव्या पद्धतीत पहिली कळ पावसाची. पावसात खंड पडला, सरासरी घसरली, की तालुका चाचणीत येतो. मग दुसरी कळ. तिच्यात उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवळ, जमिनीतला ओलावा, पेरणीखालचे क्षेत्र, धरणांतला साठा आणि भूजलाची पातळी असे निर्देशांक पाहिले जातात. त्यानंतर तालुक्यातली १० टक्के गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून शेतावर जाऊन पडताळणी होते. २०१८ साली राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले तेही या नव्या पद्धतीनेच. राज्यात या कामाचा तांत्रिक भार नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र वाहते. १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये भारताचा पहिला स्वदेशी सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए आकाशात गेला होता.

आता मुद्द्याचे. उपग्रहाला दुष्काळ दिसतो काय? नाही. उपग्रहाला पीकही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त प्रकाश. सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो, काही शोषला जातो आणि काही परत वर जातो. परत गेलेला तो प्रकाश उपग्रहावरचे संवेदक रंगारंगाने मोजतात. हिरवे, निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. उघडी माती तसे करत नाही. म्हणून अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचे. जो आकडा येतो त्याला एनडीव्हीआय म्हणतात, आपण त्याला हिरवळीचा आकडा म्हणू. उघड्या रानाचा आकडा ढोबळमानाने ०.१ च्या आसपास, भरघोस उसाचा ०.७ किंवा त्याहून वर. चौथीच्या पोराला जमेल असे हे गणित आहे. यात गूढ काही नाही.

गूढ पुढे सुरू होते. रान माहीत असेल तर त्यावरून किती प्रकाश परत जाईल हे सांगणे सोपे. हे सुलटे गणित. पण इथे उलटे करायचे आहे. हातात आहे प्रकाश आणि ओळखायचे आहे रान. भिंतीवरची सावली पाहून माणूस ओळखण्यासारखे हे काम. गणितात याला व्यस्त प्रश्न म्हणतात, आपण उलटे गणित म्हणू. फ्रेंच गणिती हादामार यांनी १९०२ सालीच सांगून ठेवले होते, की एखादा प्रश्न नीट मांडलेला आहे असे म्हणायचे तर तीन गोष्टी हव्यात. त्याला उत्तर असले पाहिजे, ते एकच असले पाहिजे आणि मोजमापात किंचित फरक पडला तर उत्तरातही किंचितच फरक पडला पाहिजे. उलटे गणित बहुतेक वेळा या कसोटीला उतरत नाही.

एकच उत्तर नसणे म्हणजे काय, ते खंडाळ्याच्याच शिवारावर पाहू. तालुक्याच्या उत्तरेला नीरा नदी, वीर धरणाचा फुगवटा. दक्षिणेला डोंगर आणि खंबाटकीचा घाट. मोटारीने दीड-दोन तासांवर असलेल्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण इकडे डोंगराच्या पाठीमागे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नदीकाठी आणि जिथे कालव्याचे पाणी पोहोचले तिथे ऊस, बाकी माळावर बाजरी आणि कुसळ. आता उपग्रहाच्या छायाचित्रातला एक ठिपका घ्या आणि त्याचा हिरवळीचा आकडा ०.४ आला असे समजा. त्याचा अर्थ काय? सगळ्या रानात अर्धवट करपलेली बाजरी उभी असेल, तरी ०.४ येईल. अर्ध्या रानात एकाच बागायतदाराचा डोलणारा ऊस आणि उरलेल्या अर्ध्यात दहा कोरडवाहू माणसांची पेरणीच न झालेली ओसाड जमीन असेल, तरीही ढोबळमानाने ०.४ च येईल. प्रकाश सारखा आणि गाव मात्र वेगवेगळे! एका गावात सगळ्यांवर थोडी थोडी आपत्ती आहे, दुसऱ्यात एकजण सुखात आणि दहाजण उपाशी आहेत. नुसता प्रकाश पाहून यातले गाव कोणते हे जगातला कोणताही संगणक सांगू शकत नाही. तो संगणकाचा दोष नाही, प्रश्नाचाच तो स्वभाव आहे.

ठिपक्याचा आकार हा यातला कळीचा मुद्दा. देशपातळीवरच्या दुष्काळ पाहणीत वापरात आलेल्या ॲविफ्स या भारतीय संवेदकाचा ठिपका ५६ मीटर लांबी-रुंदीचा. म्हणजे सुमारे ३१ गुंठे, पाऊण एकराहून थोडा जास्त. मोडिस या अमेरिकन संवेदकाचा हिरवळीसाठी वापरला जाणारा ठिपका २५० मीटरचा, म्हणजे तब्बल साडेपंधरा एकरांचा. जमिनीचा ओलावा मोजणाऱ्या, २०१५ साली सोडलेल्या स्मॅप उपग्रहाचा मूळ ठोकळा तर ३६ किलोमीटर लांबी-रुंदीचा. त्यात आख्खा खंडाळा तालुका मावेल. आता आपल्या माणसाची जमीन आठवा. महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. कुठे नजराणा भरता आला नाही, कुठे भरूनही ताबा मिळाला नाही. हाडकी-हाडवळ्याचा जो तुकडा हाती राहिला त्याचे तीन पिढ्यांत भावाभावांत वाटे होऊन आज कोणाकडे पाच गुंठे, कोणाकडे आठ. एकतीस गुंठ्यांच्या ठिपक्यात ते आठ गुंठे शेजारच्या उसात मिसळून जातात. कागदावर सातबारा वेगळा असतो, पण आकाशातून दोघांचा रंग एक होतो. कोणी मुद्दाम अन्याय केला नाही, तरीही सरासरीच्या पोटात लहान माणूस गडप झाला.

दुसरा दोष अस्थिरतेचा. त्यासाठी एक छोटे उदाहरण घरी करून पाहा. दोन आकडे ओळखायचे आहेत. त्यांची बेरीज १० आहे. पहिल्यात दुसऱ्याची १.०१ पट मिळवली तर १०.०५ येतात. उत्तर येते पाच आणि पाच. आता दुसऱ्या मोजमापात अर्ध्या टक्क्याची चूक झाली आणि १०.०५ च्या जागी १०.१० आले असे समजा. उत्तर येते शून्य आणि दहा! मोजताना चूक अर्ध्या टक्क्याची आणि निकालात एकजण साफ नाहीसा. उपग्रहाच्या मोजमापात ढग असतात, धूळ असते, हवेतली वाफ असते, सूर्याचा कललेला कोन असतो. पावसाळ्यात, म्हणजे नेमके जेव्हा पीक पाहायचे असते तेव्हा, आकाश ढगाळलेले असते. त्यामुळे अशा चुका टळत नाहीत.

मग गणिती काय करतात? हात टेकत नाहीत. सोव्हिएत गणिती तिखोनोव यांनी १९६० च्या दशकात यावर जो मार्ग पद्धतशीर मांडला तो जगभर वापरला जातो. अनेक उत्तरे शक्य असतील तर आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीशी जे उत्तर जास्त जुळेल ते निवडायचे. शेजारशेजारची रानं फार वेगळी नसतील, यंदाचे वर्ष मागल्या वर्षांच्या चौकटीतच असेल, अमुक भागात अमुक पीकच असते, अशी गृहीतके उत्तराला स्थिर करतात. शास्त्र म्हणून यात गैर काही नाही. दवाखान्यातले सीटी स्कॅन, भूकंपाचे केंद्र शोधणे, जमिनीत वीज सोडून पाण्याचा थर हुडकणे, ही सगळी कामे अशाच गणितावर चालतात. पण समाजबांधवांनी एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. उपग्रह आकाशात असतो, गृहीतक मात्र जमिनीवर, कचेरीत बसून ठरते. ज्या देशात हजारो वर्षे गृहीतकांनीच माणसांचे जगणे ठरवले, त्या देशात गृहीतक कोणाचे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गृहीतकावर चर्चा झाली नाही तर त्याचा पूर्वग्रह व्हायला वेळ लागत नाही.

एक गृहीतक उदाहरणादाखल घेऊ. हिरवळीचा आकडा नुसता पाहत नाहीत. त्या जागेच्या मागच्या वर्षांतल्या सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकड्याशी त्याची तुलना करतात. यात शहाणपण आहे, कारण कोकणाची आणि माणची हिरवळ एका तराजूत तोलता येत नाही. पण परिणाम पाहा. एका बागायती गावाचा आकडा आजवर ०.२ ते ०.७ या पट्ट्यात राहिला आणि यंदा ०.३५ वर आला. पट्ट्यातली त्याची जागा शेकडा ३०. वाईट. दुसऱ्या, कायम होरपळलेल्या गावाचा आकडा आजवर ०.१५ ते ०.३५ च्या पुढे गेलाच नाही आणि यंदा तो ०.२५ आहे. त्याची जागा शेकडा ५०. बरे! प्रत्यक्षात दुसऱ्या गावात हिरवे पान पहिल्याहून कमी आहे, पण निर्देशांक म्हणतो की त्याचे बरे चालले आहे, कारण ते नेहमीच असे असते. ज्याने कधी पोटभर खाल्ले नाही त्याची उपासमार मोजायची तर ती नेहमीच्या उपासाशी ताडून पाहायची, असा हा हिशेब. माण-खटाव यादीतून का सुटले याचे एकच कारण असेल असे मी म्हणत नाही, निर्देशांक अनेक होते. पण कायमच्या वंचिताला 'नेहमीचेच' म्हणून बाजूला सारण्याची खोड या मापात मुळातच आहे. ती खोड आपल्या ओळखीची नाही काय?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळाले काय? शासनाने आठ सवलती दिल्या. जमीन महसुलात सूट. पीक कर्जाचे पुनर्गठन. शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी. रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत काही प्रमाणात शिथिलता. गरज तिथे पिण्याच्या पाण्याचे टँकर. टंचाईच्या गावांत शेतीपंपाची वीज न तोडणे. यातल्या पाच सवलती ज्याच्या नावावर जमीन, कर्ज किंवा पंप आहे त्याच्यासाठी. भूमिहीनाच्या वाट्याला पोराची परीक्षा फी, टँकरचे पाणी आणि रोजगार हमी. शेतकऱ्याला सवलत मिळू नये असे आपण कधीच म्हणणार नाही, कोरडवाहू कुणबी-माळी-धनगर शेतकरीही आपलाच भाऊ आहे. मुद्दा वेगळा आहे. पिकाची हिरवळ मोजून दुष्काळ ठरवला की मदतही पिकाच्या मालकापाशीच जाऊन थांबते. जे मोजले तेच दिसले आणि जे दिसले त्यालाच मिळाले. पीक गेले म्हणजे खुरपणी गेली, काढणी गेली, मावशींची चार महिन्यांची मजुरी गेली. ती कोणत्याच ठिपक्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, हे नव्या यंत्रावर जुने रडगाणे आहे. त्यांना याच सातारा जिल्ह्यातली एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. १९०१ सालचा उन्हाळा. दुष्काळात माणसे मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने जिल्ह्यात तलाव खोदायचे काम काढले होते. त्या कामावर सुभेदार रामजी सकपाळ रोखपाल होते. वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीम भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. जात कळल्यावर स्टेशनमास्तर दूर सरला, गाडीवाला मिळेना आणि दुप्पट भाडे देऊन स्वतःच गाडी हाकायची पाळी आली. शिदोरी सोबत होती, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. त्या रस्त्याच्या आजूबाजूला विहिरी नव्हत्या काय? पाणी नव्हते काय? त्या दिवशी आकाशात उपग्रह असता तर त्याला पाणी दिसले असते, त्या पोराची तहान दिसली नसती. पाणी असणे आणि पाणी मिळणे यांतले अंतर प्रकाशाच्या कोणत्याही रंगात उमटत नाही. ते अंतर माणसांनी केलेले आहे, ते माणसाला विचारूनच कळते.

म्हणून उपग्रह नको, संगणक नको असे म्हणायचे काय? मुळीच नाही. विज्ञानाला पाठ दाखवणे हा आपला वारसा नाही. खंडाळा तालुक्यातल्याच नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला आणि त्या गावच्या लेकीने या देशाला शिक्षणाचे मोल शिकवले. जोतीरावांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारला काय सुचवले होते? पाणाड्यांकडून सगळ्या जमिनीची बारकाईने पाहणी करवून घ्या, जिथे झरे सापडतील त्या जागांच्या खुणा गावाच्या नकाशावर मांडा आणि तिथे विहिरी खोदणाऱ्यांना बक्षीस द्या. वरच्या खुणांवरून पोटातले पाणी ओळखायचे आणि ते सार्वजनिक नकाशावर आणायचे. हे उलटे गणितच होते! फरक एवढाच, की जोतीरावांच्या योजनेत ज्ञान पाणाड्यासारख्या कष्टकऱ्याचे होते आणि नकाशा गावाचा होता. आज ज्ञान नागपूर-हैदराबादच्या केंद्रांत आहे आणि नकाशा कचेरीतल्या संगणकात. तो पुन्हा गावात आणणे हे फुल्यांचेच काम पुढे नेणे आहे.

बाबासाहेबांनी तरी वेगळे काय शिकवले? १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. त्या वेळी सगळे पंडित म्हणत होते की शेतीचे तुकडे लहान आहेत हेच दुखणे, ते मोठे करा. बाबासाहेबांनी विचारले, लहान-मोठे ठरवायचे कशावरून? नुसत्या क्षेत्रफळावरून शेत परवडते की नाही हे ठरत नाही, त्यावर भांडवल किती आणि राबणारे हात किती हे पाहावे लागते. म्हणजे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका, दुसरा आकडा आणा. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि प्रस्थापित तज्ज्ञांच्या मापालाच हात घालत होते. हिरवळीच्या आकड्याला आपण हाच प्रश्न विचारतो आहोत.

उलट्या गणिताचे शास्त्रही नेमके हेच सांगते. एका समीकरणात दोन अज्ञात राशी असतील तर उत्तर एक येत नाही. ते एक व्हायचे असेल तर दुसरे समीकरण लागते आणि ते पहिल्याचीच नक्कल असून चालत नाही, स्वतंत्र असावे लागते. वरच्या उदाहरणात दुसरे समीकरण पहिल्यासारखेच होते, म्हणून तर अर्ध्या टक्क्याने सारे कोसळले. उपग्रहाच्या एका मापाला उपग्रहाचेच दुसरे माप जोडले तर उपयोग होतो, पण बेताचा. स्वतंत्र माप जमिनीवरून, माणसांकडून यावे लागते. वस्तीत रोजगार हमीच्या कामाची मागणी किती आली, मजुरीचे दिवस किती बुडाले, किती कुटुंबे ऊसतोडीला किंवा शिरवळच्या कंपन्यांत ठेकेदाराकडे गेली, वस्तीच्या हातपंपाला पाणी कोणत्या महिन्यात आटले, टँकर वस्तीपर्यंत येतो की वेशीवर थांबतो, हे ते दुसरे समीकरण. तेव्हा वस्तीची साक्ष घ्या ही आपली मागणी दयेची याचना नाही. उत्तर बरोबर यायचे असेल तर ती साक्ष गणितालाच लागते!

हे कायद्यालाही मान्य आहे. आदिवासी बांधवांनी ही लढाई आधी लढली. वनहक्काचे दावे गुजरातमध्ये उपग्रहाच्या छायाचित्रावर बोट ठेवून फेटाळले जाऊ लागले. या जागी अमुक साली शेत दिसत नाही, म्हणजे तुम्ही कसत नव्हता, असा न्याय! पुढे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले गेले, की उपग्रहाचे छायाचित्र इतर पुराव्याला जोड म्हणून घेता येईल, त्याची जागा घेऊ शकणार नाही. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयानेही नुसत्या छायाचित्राच्या आधारे दावे नाकारणे मान्य केले नाही. वनहक्कात जे तत्त्व मान्य झाले ते दुष्काळाच्या मदतीत का नसावे? पीक विम्यातही २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाचे उत्पादन ठरवताना तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे धोरण देशपातळीवर आले. म्हणजे हे गणित वाढत जाणार. आजच त्याला प्रश्न विचारले नाहीत तर उद्या आपल्या हातात उत्तरपत्रिकाच उरेल.

म्हणून मागण्या नेमक्या करूया. पडताळणीसाठी निवडलेल्या १० टक्के गावांची यादी, तिथे पाहिलेली शेते आणि आलेले आकडे ग्रामपंचायतीत मराठीत लावले जावेत. पाहिलेल्या शेतांत अल्पभूधारकांची आणि मागासवर्गीयांची शेते किती होती ते त्यात लिहावे. निर्देशांकाची तुलना कोणत्या वर्षांशी केली, तालुक्याची सरासरी काढताना बागायत आणि कोरडवाहू वेगळे केले की एकत्र, हे उघड करावे. मजुरीचे बुडालेले दिवस आणि रोजगार हमीची मागणी हे दुष्काळाचे निर्देशांक म्हणून धरावेत. आणि दुष्काळ जाहीर झाला की भूमिहीन कुटुंबाच्या नावे थेट मदत असावी. पहिल्या दोन मागण्यांसाठी तर माहितीच्या अधिकाराचा एक अर्जही पुरेसा आहे. तो करायला कोणी अडवलेले नाही.

पण नुसत्या मागण्यांनी भागणार नाही. हे गणित येणारी माणसे आपल्यात हवीत. आपली हुशार पोरे स्पर्धा परीक्षेच्या वर्गात वर्षानुवर्षे झिजतात. त्यातल्या काहींनी गणित, संगणक, भूगोल, सुदूर संवेदन या वाटेने जावे. आयआयटी मुंबईत या विषयाचे केंद्र १९७६ पासून आहे. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आहेत. पोरांनी या विषयासाठी त्या मागाव्यात आणि बार्टीसारख्या संस्थेने या विषयाचे वर्ग जिल्ह्याजिल्ह्यात चालवावेत. साधनेही आता राजवाड्यात बंद नाहीत. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची छायाचित्रे २००८ पासून सर्वांना फुकट आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची २०१५ पासून, आणि त्यांचा ठिपका १० मीटरचा आहे. दहा गुणिले दहा म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास बरोबर एक गुंठा! आठ गुंठ्यांचा हाडवळाही त्यात आठ ठिपक्यांइतका दिसू शकतो. वजाबाकी आणि भागाकार येणारा पोरगा आपल्या गावाचा हिरवळीचा आकडा स्वतः काढू शकतो आणि तहसील कचेरीच्या आकड्याशेजारी ठेवू शकतो. दोघांत फरक पडला तर तिथून प्रश्न विचारायला सुरुवात होते.

त्या दिवशी गप्प बसलेल्या पोराने पुढे काय करायचे तेही यातच आले. त्याने मोबाइलवर गावाचे छायाचित्र उघडावे, मावशींना शेजारी बसवावे आणि कुठे मजुरी बुडाली, कोणत्या विहिरीला पाणी राहिले, कोणत्या विहिरीवर अजून आपल्या बायकांना टोमणे ऐकावे लागतात, ते एकेक करून वहीत उतरवावे. नायगावच्या सावित्रीमाईने हातात दिलेली पाटी-पेन्सिल याच कामासाठी आहे. पहिले समीकरण सरकारकडे आहे. दुसरे मावशींकडे आहे, आणि ते मांडून दाखवल्याशिवाय कोणाचेही उत्तर बरोबर येणार नाही.